चार जिन्नसांचा धडा

हिवाळ्याच्या दिवसांत कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक प्राथमिक शाळांतून ‘आनंद बाजार’ भरविला जातो. शाळेच्या पटांगणात मुले ओळीने दुकाने मांडतात. कोणाकडे भेळ असते, कोणाकडे इडली, कोणाकडे वडे, कोणाकडे गुलाबजाम. पालक आणि गावकरी येतात, कौतुकाने खरेदी करतात, आणि सायंकाळी मुले जमाखर्च मांडून आपला नफा गुरुजींना सांगतात. मुलांना व्यवहारज्ञान यावे हा यामागील हेतू चांगला आहे. परंतु या जमाखर्चाच्या वहीत एक मोठी चूक प्रतिवर्षी बिनबोभाट होत असते. खर्चाच्या बाजूला रवा, तेल, साखर, कांदे यांची नोंद असते. पहाटे चार वाजता उठून ज्या आईने ते सारे पदार्थ केले, तिच्या श्रमांची नोंद कोठेही नसते. विकणारा वेगळा, करणारी वेगळी, आणि करणारीचे श्रम शून्य किमतीचे. अर्थशास्त्राचा पहिलाच धडा मुलाच्या मनावर असा उलटा बिंबविला जातो आणि तोही टाळ्यांच्या गजरात.

याच शाळांतून केव्हा केव्हा ‘विनाअग्नी पाककला स्पर्धा’ही होतात. त्यांत बहुधा मुलीच भाग घेतात. मुलगे चव पाहण्यासाठी रांग लावतात. बक्षीस मिळते ते सजावटीला. काकडीचे फूल, टोमॅटोचा गुलाब, ताटाभोवती रांगोळी. त्या ताटातील अन्नाने एका मुलाचे पोट भरेल काय, त्याला किती पैसे लागले, उद्या घरी कोणी नसताना तेच मूल ते पुन्हा करू शकेल काय, हे प्रश्न परीक्षकांच्या गुणपत्रिकेत नसतात.

या दोन्ही उपक्रमांच्या पलीकडे जाऊन एक साधी मागणी मांडण्याची वेळ आली आहे. चार-पाच जिन्नसांत होणारे, पोटभरीचे, पौष्टिक अन्न प्रत्येक मुलाला आणि मुलीला स्वतःच्या हाताने करता आले पाहिजे, आणि ते शिकविण्याची जबाबदारी सार्वजनिक शाळेने उचलली पाहिजे. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव असे प्रश्न समोर असताना हा चुलीजवळचा विषय कशाला, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. परंतु समतेची लढाई ज्या ठिकाणी सर्वांत आधी हरली जाते ते ठिकाण चूल हेच आहे, आणि ती हार मूल दहा वर्षांचे होण्याच्या आत झालेली असते.

कोण शिकते आणि कोण शिकत नाही

मुलांनी स्वयंपाक करावा की करू नये, असा प्रश्नच वास्तविक शिल्लक नाही. मुले स्वयंपाक करीतच आहेत. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागलच्या शिवारात उतरतात. पहाटेच्या अंधारात आईबाप कोयता घेऊन फडात जातात. मागे कोपीत राहते ती थोरली मुलगी. धाकट्याला सांभाळणे, पाणी भरणे, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापणे ही कामे तिच्याकडे येतात. साखरशाळेचा पट भरला की नाही याची चर्चा होते. त्या पटावरील गैरहजर नाव नेमके कोणाचे आणि ते कोणत्या कामामुळे गैरहजर आहे, याची चर्चा क्वचित होते. इचलकरंजीत कारखान्यात कांड्या भरावयास जाणाऱ्या आईच्या घरीही हेच चित्र दिसते. आई पाळीवर गेली की घरातील मुलगी गॅस पेटविते आणि तिच्याहून मोठा असलेला भाऊ ताट मागतो.

म्हणजे स्वयंपाक हे अर्ध्या मुलांवर लादलेले काम आहे आणि उरलेल्या अर्ध्यांना त्यातून दिलेली जन्मभराची सूट आहे. या सुटीचा हिशेब राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात मिळतो. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१ टक्के स्त्रिया घरातील विनामोबदला काम करतात, पुरुषांपैकी अवघे २६ टक्के. जे करतात त्यांच्यातही स्त्रीचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ त्यात जातो, पुरुषाचा ९७ मिनिटांचा. पाच तास आणि दीड तास यांतील हे अंतर कोणत्याही कायद्याने निर्माण केलेले नाही, त्यामुळे ते एखादा कायदा रद्द करून मिटणारही नाही. मुलाच्या हाताला लहानपणी जी सवय लागली नाही ती मोठेपणी व्याख्यान ऐकून लागत नाही. स्त्रीमुक्तीच्या ठरावाला हात वर करणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरी बैठकीचा चहा कोण करते, हे पाहिले तरी याची साक्ष पटेल.

शिकवावयाचे ते काय

हा धडा खर्चिक असण्याचे कारण नाही. तो कोल्हापूरच्या मातीतून उगवणाऱ्या चार-दोन जिन्नसांवर सहज उभा राहतो. भाजलेले शेंगदाणे दोन वाट्या आणि चिरलेला गूळ एक वाटी; दाणे कुटावयाचे, गूळ मिसळावयाचा, लाडू वळावयाचे. यात विस्तवाचा संबंध येतो तो दाणे भाजण्यापुरता, आणि ते काम मोठ्या माणसाने करून दिले तर तोही नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. मूठभर दाण्यांतून मुलाला साताठ ग्रॅम प्रथिने मिळतात. शाळेच्या दारातील टपरीवर पाच रुपयांना मिळणाऱ्या फुगीर पुड्यात बव्हंशी मैदा किंवा बटाटा, तेल, मीठ आणि हवा मिळते. गुळाविषयी मात्र स्वाभिमानापोटी अतिशयोक्ती नको. कोल्हापूरचा गूळ चवीला कितीही श्रेष्ठ असला तरी तो अखेर साखरेचाच भाऊ आहे. लाडवात त्याचे माप दाण्यांच्या निम्मे का ठेवावयाचे, हेही त्याच धड्यात सांगता येते.

दुसरा पदार्थ मोडाची मटकी. रात्री भिजत घालावयाची, सकाळी फडक्यात बांधून ठेवावयाची, दुसऱ्या दिवशी मोड दिसतात. वाफवून घेऊन त्यात कांदा, मीठ, लिंबू. बी जिवंत असते, त्याला ओल आणि ऊब लागते, मोड येताना त्यात ‘क’ जीवनसत्त्व वाढते, हे विज्ञानाच्या पुस्तकातील वाक्य मुलाच्या तळहातावर प्रत्यक्ष उगवते. तिसरा पदार्थ चुरमुऱ्यांचा. चुरमुरे, फुटाणे, कांदा, टोमॅटो एवढ्यात शाळेतून आलेल्या मुलाची भूक भागते. चौथा नाचणीच्या आंबिलीचा. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, गगनबावडा, शाहूवाडी या डोंगरी तालुक्यांचे हे धान्य उसाच्या झगमगाटात मागे पडले. गरिबांचे काळे धान्य म्हणून त्याची हेटाळणी झाली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केल्यावर तीच नाचणी शहरांतील दुकानांतून बिस्किटांच्या रूपाने महागड्या वेष्टनात मिरवू लागली. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदूळ, गहू, ज्वारी यांपैकी कोणतेही धान्य त्याच्या जवळपास येत नाही. पीठ आधी गार पाण्यात कालवून मगच उकळत्या पाण्यात सोडावयाचे आणि ढवळत राहावयाचे. कोरडे पीठ थेट उकळत्या पाण्यात पडले तर त्याचा बाहेरचा थर तत्काळ शिजतो, आत पाणी शिरत नाही आणि गुठळ्या होतात. निवल्यावर ताक आणि मीठ घालावयाचे. हे काम चुलीवरचे आहे, म्हणून ते वरच्या वर्गांसाठी आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच.

आणि अगदी काहीच नसेल तेव्हा काला. भाकरी कुस्करून ताकात कालवावयाची. या शब्दाला महाराष्ट्रात केवढा अर्थ आहे! आषाढी वारीची सांगता गोपाळपूरच्या काल्याने होते. काल्याच्या कथेतील सारे स्वयंपाकी गुराखी पोरेच आहेत. प्रत्येकाने आपापली शिदोरी सोडावयाची, एकत्र कालवावयाची आणि एकमेकांच्या हातचे खावयाचे. मुलग्यांनी अन्नाला हात लावणे आपल्या संस्कृतीत बसत नाही असे म्हणणाऱ्यांनी ही कथा पुन्हा आठवावी.

कोल्हापूरचा वारसा

अन्न आणि शिक्षण यांचा संबंध कोल्हापूरला नव्याने सांगावयास नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांची जी मालिका सुरू केली, तिच्यामागे हेच निदान होते की बहुजनांचे मूल बुद्धीमुळे मागे राहत नाही, ते शहरात राहण्याजेवण्याची सोय नसल्यामुळे मागे राहते. त्या काळाच्या मर्यादेत ही वसतिगृहे जातवार उभी राहिली आणि त्यांची स्वयंपाकघरेही वेगवेगळी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. पुढे १९१९ साली महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एका शाळेत बसविण्याचा आदेश दिला. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलापुढे गाडी थांबवून महाराज त्यांच्या हातचा चहा घेत, ही आठवण कोल्हापूरकर अभिमानाने सांगतात. त्या कृतीचा अर्थ असा की जातीची भिंत पुस्तकापेक्षा पंगतीत अधिक जाड असते आणि ती तेथेच फोडावी लागते.

याच जिल्ह्यातील कुंभोज गावी १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. साताऱ्यास १९२४ साली सुरू केलेल्या आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते ‘शाहू बोर्डिंग’ असे नाव लाभलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका छपराखाली राहिली, एका पंगतीत जेवली आणि तेथील कामे त्यांनी स्वतःच्या हातांनी केली. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने दिले. रयत शिक्षण संस्थेचे ब्रीद ‘स्वावलंबी शिक्षण’ आहे. त्यातील स्वावलंबनाचा आरंभ शेतात आणि चुलीपाशी झाला. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. या आयोगाने १९६६ सालच्या अहवालात ‘कार्यानुभव’ हा शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला. पुढे कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात राहिला, पण अनेक शाळांतून त्याचा कागदी फुलांचा तास झाला.

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शाळा भरवावी आणि मुलांनी स्थानिक कारागिरांकडून काम शिकावे, असे सुचविले. त्यात उदाहरणादाखल सुतारकाम, विजेचे काम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम यांची नावे आहेत. स्वयंपाकाचे नाव नाही. दिवसातून दोनदा प्रत्येक घरात होणारे काम धोरणकर्त्यांना काम वाटले नाही, हे पुरेसे बोलके आहे. जपानने १९४७ च्या शिक्षणसुधारणेत प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत गृहशास्त्र मुलगे आणि मुली दोघांसाठी ठेवले. आजही तेथे भात आणि मिसो घातलेले सार हे दोन पदार्थ प्रत्येक मुलाला शाळेत करावे लागतात. उच्च माध्यमिक शाळेत मात्र हा विषय दीर्घकाळ मुलींपुरताच अनिवार्य होता. १९९४ पासून तो मुलग्यांनाही अनिवार्य झाला. श्रीमंत देशालाही हा प्रश्न अभ्यासक्रमातून सोडवावा लागतो आणि तो एका पिढीत सुटत नाही, एवढे या उदाहरणावरून समजते.

आक्षेप आणि त्यांतील तथ्य

या मागणीवर तीन आक्षेप येतील आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप पालकांचा. ‘आमची पोर घरी भाकरी थापतेच, शाळेत तरी तिला अक्षर शिकवा.’ नयी तालीमवरही हीच शंका घेतली गेली होती की श्रमणाऱ्यांच्या मुलांना श्रमातच अडकविण्याचा हा डाव तर नव्हे? ही शंका अनुभवातून आलेली आहे. म्हणून हा धडा वर्षातून मोजक्या दिवसांचा असावा, तो सर्व मुलांना सक्तीचा असावा आणि शाळेच्या रोजच्या स्वयंपाकात, भांडी घासण्यात किंवा पाणी भरण्यात कोणत्याही मुलाला राबवून घेण्याचे निमित्त तो होता कामा नये. घरी भाकरी थापणाऱ्या मुलीला या तासात नवे शिकावयाचे आहे ते मापन, प्रमाण, भाव आणि पोषण यांचे शास्त्र. तिच्या भावाला शिकावयाचे आहे ते सारेच.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. त्याचे उत्तर क्रमात आहे. चौथीपर्यंत विस्तव आणि धार दोन्ही नकोत. कालविणे, मळणे, वळणे, निवडणे एवढेच पुरे. पाचवीपासून देखरेखीखाली चिरणे, सातवीत चूल. तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो सर्वांत रास्त आहे. निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे ज्यांच्या माथी आहेत, त्यांच्यावर आणखी एक ओझे कशाला? परंतु हा धडा शिक्षकाने द्यावा असे कोणी म्हटले आहे? शाळेत या विषयाची जाणकार बाई आधीच आहे. पोषण आहार शिजविणारी स्वयंपाकी ताई शंभर मुलांसाठी डाळ-तांदळाचे माप डोळ्यांनी घेते. महाराष्ट्रात तिचे मानधन २०२३ साली महिना १,५०० वरून २,५०० रुपये झाले. त्याला वेतन म्हणणे म्हणजे वेतन या शब्दाचा अपमान आहे. त्या दहा दिवसांत तिला फळ्यापुढे उभे करावे, मुलांनी तिला बाई म्हणावे आणि त्या दिवसांचा निदेशिकेचा मोबदला तिला मिळावा. उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात डिसेंबर २०२१ मध्ये दलित स्वयंपाकीणबाईच्या हातचे अन्न सवर्ण मुलांनी नाकारले आणि तिला कामावरून दूर करण्यात आले. जी स्त्री वर्गात गुरू म्हणून उभी राहिली, तिच्या हातचे अन्न नाकारणे मुलांना कठीण जाईल. शाहू महाराजांच्या त्या चहाचा हा आजचा अर्थ ठरेल.

साधेपणा आणि टंचाई

अखेरचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. थोड्या जिन्नसांत अन्न करता येणे ही विद्या आहे. घरात थोडेच जिन्नस असणे हा अन्याय आहे. या दोहोंची गल्लत करण्याची हातोटी सत्ताधाऱ्यांना चांगली साधलेली असते. गरिबांना ‘पौष्टिक खावयास शिका’ असा उपदेश करावयाचा आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या ताटातील वाटा काढून घ्यावयाचा, ही रीत जुनी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी होती आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांच्या अंगात रक्त कमी होते. हीच मुले पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. ती आयांच्या अज्ञानामुळे खुजी राहिलेली नाहीत.

शाळेतील शिजविलेले जेवण हा सरकारचा दानधर्म नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी तो मुलांचा हक्क म्हणून बजावला. त्यापूर्वी महाराष्ट्रात महिन्याकाठी तीन किलो तांदूळ घरी देऊन भागविले जात होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने ठरवून दिली. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे, आणि जे अंडे खात नाहीत त्यांना केळे देण्यास आरंभ केला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा जादा निधी बंद करून लोकसहभागातून भागवावे असे सांगितले. एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे धाकट्या मुलाच्या ठरलेल्या वाट्याच्या निम्मी. हा हिशेब सातवीच्या मुलाला कळतो. तो त्याला शाळेतच शिकविला गेला, तर उद्या आपल्या ताटातून काय गेले हे तो मोजून सांगेल, आणि मोजून मागणाऱ्या नागरिकाला उपदेशावर परत पाठविणे सोपे नसते.

कार्यकर्त्यांनी यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असे सांगितले आहे. बहुतेक ठिकाणी या समितीच्या सभा सह्यांपुरत्या होतात. आपल्या गावच्या समितीच्या पुढील सभेत दप्तराविना दिवसांपैकी चार दिवस या धड्यासाठी मागावेत, स्वयंपाकी ताईचे नाव निदेशिका म्हणून ठरावात घालावे आणि मुलगे-मुली दोघांचीही हजेरी घ्यावी. आनंद बाजाराची वही तीच ठेवावी. तिच्यात खर्चाच्या बाजूला एक रकाना तेवढा वाढवावा. त्या रकान्याचे नाव ‘श्रम’ असावे, आणि तो मुलाने स्वतःच्या हाताने काम केल्यावरच भरावा.